पावलाचें माप

गेल्या महिन्यांत या सदरांत चष्म्याविषयीं कांहीं गोष्टी सांगितल्या, तेव्हांच एक विचार मनांत आला होता. जागेअभावीं तो तेथें लिहितां आला नाहीं. चष्मा घ्यावयाचा झाला म्हणजे आपण डॉक्टरांकडे जातों, दोन्ही डोळे निरनिराळे तपासून घेतों, आणि नंबरांत थोडासा फरक पडला तरी नवी कांच बसवितों. त्याच घरांतल्या त्याच बाईच्या पायांतली चप्पल मात्र कोणी तरी बाजारांतून येतां येतां घेऊन येतो. "जरा घट्ट होते" असें तिनें म्हटलें, तर "होईल हळूहळू सैल" असें उत्तर मिळतें, आणि विषय तेथेंच संपतो. डोळा मोलाचा आणि पाय फुकटचा, असा कांहीं तरी हिशेब आपल्या मनांत खोल बसलेला आहे. हा हिशेब किती महाग पडतो तें आमच्या घरानें गेल्या वर्षीं अनुभविलें. म्हणून आज बायकांच्या पादत्राणांविषयीं लिहितें.

आमच्या सासूबाई आतां पंचाहत्तरीला आल्या आहेत. मधुमेह जडून त्यांना वीस वर्षें झालीं. गेल्या दिवाळींत पाडव्याला भावोजींनीं त्यांच्यासाठीं मोठ्या हौसेनें नव्या चपला आणल्या. नंबर जुन्या चपलेवरून पाहिलेला, रंग सुरेख, पट्ट्यावर जरीचें काम. सासूबाई त्या घालून तीन दिवस देवळांत जाऊन आल्या. कोणी विचारलें तर "छान आहेत हो" म्हणाल्या. चौथ्या दिवशीं रात्रीं माझ्या जाऊबाई त्यांच्या पायांना तेल लावूं लागल्या, तों करंगळीच्या कडेला रुपयाएवढी जखम! आंत पू झालेला. पुढचे सहा आठवडे रोज मलमपट्टी चालली. "आणखी आठवडाभर लक्ष गेलें नसतें तर बोट काढावें लागलें असतें," असें डॉक्टर म्हणाले. सुदैवानें बोट वांचलें.

मी सासूबाईंना विचारलें, "आई, तुम्ही बोलला का नाही?"

त्या म्हणाल्या, "अगं, दुखलंच नाही, तर बोलू काय? आणि बाईमाणसानं पायाचं एवढं कौतुक कशाला करायचं?"

या उत्तरांतला पहिला भाग रोगाचा आहे. दीर्घकाळच्या मधुमेहानें पायांतील संवेदना मंद होते. चप्पल चावते तरी चावल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोंचत नाहीं. दुसरा भाग मात्र रोगाचा नाहीं, तो आपल्या वळणाचा आहे; आणि त्याच्यावर औषध डॉक्टरांपाशीं नाहीं.

हें वळण कोठून आलें याचा शोध घेतांना सासूबाईंनींच आपल्या आजीची एक हकीकत सांगितली. त्या आजींच्या पायांत लग्नानंतर कित्येक वर्षें वहाण आलीच नाहीं. बायकांनीं पायांत कांहीं घालून रस्त्यानें जाणें हा त्या काळीं उद्धटपणा समजला जाई. पुढें काळ पालटला, वहाणा घ्यावयाचें ठरलें. पण माप घ्यावें कोणीं? वहाणा करणाऱ्या चर्मकाराला ओटीवर येण्याची मुभा नव्हती, मग घरच्या बायकांच्या पायाला हात लावण्याची गोष्टच दूर. तेव्हां आजोबांनीं दोऱ्याला गांठ मारून पायाची लांबी घ्यावी, तो दोरा अंगणाच्या कडेला दुरून टाकावा, आणि त्या माणसानें तो उचलून न्यावा. दोऱ्यावरून लांबी कळते. रुंदी, चवड्याची जाडी, बोटांची ठेवण यांपैकीं कांहींही कळत नाहीं. ज्याच्या हातांत कसब होतें त्याला पाऊल दिसलें नाहीं, आणि जिचें पाऊल होतें तिला बेताची वहाण मिळाली नाहीं. शिवाशिवीचा दंड दोघांनींही भरला. अर्थात् त्याचा फार मोठा आणि माणुसकीचा, आपला त्या मानानें पायापुरता. १९५० सालीं राज्यघटनेनें अस्पृश्यता कायद्यानें नष्ट केली. तो दोराही गेला. पण बायकांचें पाऊल न मोजण्याची खोड मात्र अजून आपल्या घरांतून गेलेली नाहीं.

जखम भरून आल्यावर डॉक्टरांनीं औषधाबरोबर एका कारागिराचा पत्ता दिला. हे गृहस्थ चर्मकार; धंदा वडिलांपासून चालत आलेला, आणि रुग्णांसाठीं खास पादत्राणें करण्याचें शिक्षणही त्यांनीं घेतलेलें. रविवारीं सकाळीं ते घरीं आले. सासूबाई दिवाणखान्यांत खुर्चीवर बसल्या होत्या. ते समोर पाटावर बसले आणि त्यांनीं हात पुढें केला. सासूबाईंनीं पाय झटकन् मागें घेतला.

"अहो, माझ्या पायाला कशाला हात लावता?"

"आजी, हात लावल्याशिवाय माप कसं कळायचं?" ते सहजपणें म्हणाले.

क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग सासूबाईंनीं आपला पाय त्यांच्या हातांत दिला. पंचाहत्तर वर्षांत त्या पायाचें माप प्रथमच घेतलें जात होतें.

त्यांनीं माप कसें घेतलें तें मी जवळ बसून नीट पाहिलें. तें कोणत्याही घरीं करतां येण्याजोगें असल्यामुळें येथें देतें. माप संध्याकाळीं घेणें उत्तम, कारण दिवसभराच्या उभें राहण्यानें पाय किंचित् सुजतो. सकाळीं बरोबर बसलेला जोडा संध्याकाळीं आवळतो. (आमच्याकडे ते सकाळीं आले होते, म्हणून त्याच दिवशीं संध्याकाळीं पुन्हां येऊन त्यांनीं मापें ताडून पाहिलीं.) जमिनीवर जाड कागद ठेवून त्यावर उभें राहावें; बसून माप घेऊं नये, कारण अंगाचा भार पडला कीं पाऊल लांबतें आणि पसरतें. पेन्सिल अगदीं सरळ उभी धरून पावलाभोंवतीं रेघ काढावी. पायांत जोडवीं असतील तर तीं काढूं नयेत. जीं रोज घालावयाचीं आहेत त्यांच्यासकट माप हवें, नाहीं तर बंद जोड्यांत जोडवें शेजारच्या बोटांत रुततें. मग टांचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी घ्यावी. पुष्कळांचें दुसरें बोट अंगठ्याहून लांब असतें हें विसरूं नये. नंतर अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यापासून करंगळीच्या बुडाच्या सांध्यापर्यंतची रुंदी, आणि त्याच जागीं फीत गुंडाळून चवड्याचा घेर. हीं तिन्ही मापें दोन्ही पायांचीं निरनिराळीं घ्यावीं. दोन पाय तंतोतंत सारखे क्वचितच असतात. जोडा नेहमीं मोठ्या पायाच्या मापानें घ्यावा.

सासूबाईंचा उजवा पाय डाव्याहून लांब निघाला, आणि दोन्हीही पाय त्यांच्या जुन्या चपलेच्या नंबरापेक्षां मोठे निघाले! आमची चूक नेमकी तेथें होती. प्रौढपणीं पायाचें माप कायम राहतें अशी आपली समजूत असते. ती खरी नाहीं. एका पावलांत २६ हाडें असतात. म्हणजे अंगांतील २०६ हाडांपैकीं ५२ हाडें केवळ दोन पावलांत आहेत. हीं हाडें स्नायूंनीं व बंधांनीं एकत्र बांधून त्यांची कमान झालेली असते. वय वाढतें तसे हे बंध सैल होत जातात, कमान खालीं बसते आणि पाऊल लांब-रुंद होतें. गरोदरपणांतही हेंच घडतें, आणि पुष्कळ जणींच्या बाबतींत बाळंतपणानंतरही तें पाऊल पूर्वीच्या मापावर परत येत नाहीं. बाळाची वजनें आपण महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवतों. त्याच्या आईच्या पायाचें नवें माप घ्यावें असें कोणाच्या मनांतही येत नाहीं, आणि ती बिचारी लग्नांतल्याच नंबराच्या चपला पुढें वीस वर्षें वापरते.

आतां या नंबराविषयीं. दुकानांत दोन प्रकारचे नंबर आढळतात. इंग्रजी पद्धतींत एका नंबरापासून दुसरा नंबर इंचाच्या तिसऱ्या हिश्शानें वाढतो. हें माप मुळांत जवाच्या दाण्याच्या लांबीवरून आलेलें आहे. युरोपांतील पद्धतींत एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन-तृतीयांश. म्हणजे ३७ नंबर हा सुमारें २४.७ सेंटिमीटर झाला. आणि हेंही माप पावलाचें नव्हे, ज्या सांच्यावर जोडा बेततात त्या सांच्याचें. लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं दोन्ही नंबर लांबीच सांगतात. रुंदीविषयीं ते मुके आहेत. आणि आपल्या बायकांची अडचण बहुधा रुंदीचीच असते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें २०२१ चा डिसेंबर ते २०२२ चा मार्च या काळांत देशभरांतील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांचीं मापें घेतलीं. त्यांत असें दिसून आलें कीं भारतीयांचें पाऊल युरोप-अमेरिकेंतील लोकांच्या पावलाहून रुंद असतें. त्यावरून ‘भा’ या नांवाची स्वतंत्र मापपद्धति सुचविण्यांत आली. परक्या पावलांच्या मापांवर बेतलेला जोडा आपल्याला चवड्यावर आवळतो. मग आवळूं नये म्हणून आपण एक नंबर मोठा घेतों, आणि तो टांचेला ढिला होऊन घासतो. दोष आपल्या पायाचा नसतो.

आतां जोडा मुळांत कसा होतो तें पाहूं. तें कळलें म्हणजे दुकानांत डोळसपणें निवड करतां येते.

जोड्याचा प्राण म्हणजे फर्मा. पावलाच्या आकाराचा हा लांकडी किंवा प्लॅस्टिकचा सांचा; जुन्या भाषेंत याला कलबूत म्हणत. कातडें या फर्म्यावर ताणून जोडा आकारास येतो, म्हणून फर्मा जसा असेल तसाच जोडा होणार. पुढें कितीही उंची कातडें लावलें तरी फर्म्याची चूक झांकत नाहीं. युरोपांत एके काळीं दोन्ही पायांना एकच सरळ फर्मा वापरीत. डावा-उजवा हा भेद एकोणिसाव्या शतकांत हळूहळू रूढ झाला. तत्पूर्वीं १७८१ सालीं पेट्रस कांपर या डच शरीरशास्त्रज्ञानें उत्तम जोडा कसा असावा यावर एक स्वतंत्र निबंध लिहिला होता. जनावरांच्या खुरांच्या नालाची लोकांना काळजी, आणि माणसाच्या पायाची नाहीं, हें पाहून त्याला नवल वाटे. आपल्यालाही तें वाटावयास हरकत नाहीं.

बायकांच्या फर्म्याविषयीं आणखी एक गोष्ट आहे. बाईचें पाऊल म्हणजे पुरुषाचें लहान केलेलें पाऊल नव्हे. चवड्याच्या मानानें तिची टांच अरुंद असते. पुरुषांचा फर्मा नुसता आंखूड करून बायकांचा जोडा केला, तर तो मागें सुटतो. उलट केवळ नजरेला नाजूक दिसावा म्हणून पुढें निमुळता केला, तर अंगठा आंत वळतो, त्याच्या बुडाचा सांधा बाहेर येतो आणि कालांतरानें तेथें हाड वर आल्यासारखी कायमची गांठ दिसूं लागते. मूळची प्रवृत्ति पुष्कळदां आनुवंशिक असते हें खरें. पण आवळ जोड्यानें ती बळावते. आमच्या जाऊबाई शाळेंत शिक्षिका आहेत. दिवसाचे पांच-सहा तास उभ्यानें काम. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांशीं ही गांठ आहे, आणि ती कमावण्यासाठीं त्यांनीं वीस वर्षें चांगले पैसे मोजलेले आहेत!

फर्मा ठरला म्हणजे त्यावरून वरच्या भागाचे तुकडे बेतून कापतात. येथें कारागिराची परीक्षा असते. जनावराच्या पाठीकडचें कातडें घट्ट व टिकाऊ, पोटाकडचें सैल व ताणणारें. म्हणून जेथें भार व ताण पडतो तेथें पाठीचा तुकडा पाहिजे. तुकडे शिवून झाले, आंतून अस्तर लागलें, कीं तें सर्व फर्म्यावर चढवून खालीं आंतल्या तळाभोंवतीं ओढून बसवितात. हें ओढून बसविणें फार कौशल्याचें. एका बाजूला किंचित् जास्त ताण पडला कीं जोडा जन्मभर वांकडा. डच गियानांत १८५२ सालीं जन्मलेला यान मॅट्झेलिगर नांवाचा एक कृष्णवर्णी तरुण अमेरिकेंत लिन या गांवीं जोड्यांच्या कारखान्यांत नोकरीस होता. हातानें हें काम करणारा कसबी माणूस दिवसाला सुमारें ५० जोड करी. या तरुणानें अनेक वर्षें रात्रीं खपून, त्या हातांच्या हालचाली न्याहाळून एक यंत्र तयार केलें आणि १८८३ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. त्या यंत्रावर दिवसाला १५० पासून ७०० पर्यंत जोड होऊं लागले, आणि सामान्य माणसाच्या पायांत बूट आला. तो स्वतः मात्र १८८९ सालीं, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षीं, क्षयानें वारला.

जोड्याचा दुसरा प्राण डोळ्यांना दिसतच नाहीं. टांच आणि चवडा यांच्या मधल्या भागांत, आंतल्या तळाखालीं, एक अरुंद ताठ पट्टी बसविलेली असते. कारखान्यांत तिला ‘शँक’ म्हणतात. आपण तिला जोड्याचा कणा म्हणूं. टांच थोडी जरी उंच असली तरी पावलाची कमान अधांतरीं राहते, आणि हा कणा तिला आधार देतो. याचें मर्म ज्यानें फार चांगलें ओळखलें तो म्हणजे इटलीचा साल्वातोरे फेरागामो. १८९८ सालीं बोनितो या खेड्यांत, चौदा भावंडांच्या गरीब घरांत तो जन्मला. बहिणीच्या धर्मसंस्कारासाठीं पांढरे जोडे घेण्याची घरच्यांची ऐपत नव्हती, तेव्हां या नऊ वर्षांच्या मुलानें रात्रीं बसून ते स्वतः शिवले. पुढें अमेरिकेंत त्याचा धंदा चालूं लागला, तरी जोडे दुखतात कां हा प्रश्न त्याला सुटेना. म्हणून त्यानें दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत शरीररचनाशास्त्राचे पाठ घेतले. उभ्या माणसाचा भार ओळंब्याच्या रेषेनें पावलाच्या कमानीवर येतो, म्हणून आधार तेथें हवा, असा निष्कर्ष त्यानें काढला आणि आपल्या जोड्यांत पोलादी कणा घातला. १९२७ सालीं तो स्वदेशीं परतून फ्लॉरेन्स येथें स्थायिक झाला. इथिओपियाच्या युद्धामुळें चांगलें पोलाद मिळेनासें झालें, तेव्हां त्यानें टांचेपासून चवड्यापर्यंतची पोकळी बुचाच्या लांकडानें भरून काढली. आज बाजारांत जी सलग उंच तळाची चप्पल सर्वत्र दिसते तिचा उगम या टंचाईंत आहे. फॅशनच्या पोटांत कधीं कधीं शास्त्रही असतें तें असें.

उंच टांचेविषयीं मीं उपदेश करावा अशी अपेक्षा असेल. पण आमच्या पुतणीचें लग्न ठरलें असल्यामुळें मला घरांतच शत्रु नको आहेत! तरी जें खरें तें सांगितलेंच पाहिजे. टांच जितकी उंच, तितका अंगाचा भार पुढें चवड्यावर सरकतो. अशी चप्पल वर्षानुवर्षें रोज घातली तर पोटरीचे स्नायू आंखूड होतात, आणि मग सपाट जमिनीवर चालतांना दुखूं लागतें. म्हणून रोजच्या वापरांत टांच दोन-अडीच सेंटिमीटरांपर्यंत आणि बुडाशीं रुंद असावी. लग्नाच्या दिवशीं चार तास हौस करावयास हरकत नाहीं. मात्र ज्या चपला घालावयाच्या त्याच घालून साडी नेसावी. सपाट पायांवर निऱ्या बेतल्या आणि मागाहून उंच चपला चढविल्या तर साडी वर जाते. उंच चपलांवर बेतून मग त्या काढल्या तर निऱ्या पायांखालीं येतात आणि जिन्यांत घात होतो. नव्या चपला आधीं आठ दिवस घरांत घालून फिरावें, हेंही वधूनें ध्यानांत ठेवावें.

टिकाऊपणाची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या कोल्हापुरीची आठवण होणारच. म्हशीचें कातडें बाभळीची साल आणि हिरडा यांनीं कमावतात, त्याचे थर एकावर एक ठेवून कातड्याच्याच वादीनें शिवतात. अस्सल चपलेंत खिळा नसतो. अंगठा, पट्टा, दोन्ही बाजूंचे कान आणि वर नाजूक वेणी, असा तिचा घाट. तळाचें जड काम पुरुष करतात आणि वेण्या घालणें, नक्षी उठविणें हें बारीक काम बहुतेक घरांतून बायका करतात. २०१९ मध्यें या चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांच्या नांवें भौगोलिक मानांकन मिळालें. जून २०२५ मध्यें इटलींतील प्राडा कंपनीनें मिलानच्या प्रदर्शनांत त्याच घाटाच्या चपला मांडल्या, तेव्हां उगमाचा उल्लेख नसल्याबद्दल मोठा गवगवा झाला, आणि कंपनीला त्यांचें मूळ भारतीय कारागिरींत असल्याचें मान्य करावें लागलें. परक्यांनीं नांव घेतलें नाहीं म्हणून आपल्याला राग आला, तो योग्यच. पण आपल्यांपैकीं किती जणींना आपली चप्पल करणाऱ्याचें नांव ठाऊक आहे?

धडधाकट पायाला कोल्हापुरी फार चांगली. बोटें मोकळीं राहतात, आणि कातडें हळूहळू त्या एकाच पावलाचा आकार घेतें. पहिले कांहीं दिवस ती चावते. तेव्हां आंतून एरंडेलाचा हात फिरवावा आणि रोज थोडा वेळच घालावी. पावसांत मात्र ती वापरूं नये.

परंतु ज्या पायाची संवेदना गेली आहे त्याला हीच चप्पल वर्ज्य. अंगठ्यांत अडकणारी चप्पल पायांतून केव्हां निसटली तें अशा माणसाला कळत नाहीं, आणि अंगठ्याच्या बेचक्यांत जखम होते. अशा पायांसाठीं आपल्याच देशांत फार मोलाचें काम झालेलें आहे. १९४६ सालीं डॉ. पॉल ब्रँड हे शस्त्रवैद्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत आले. महारोग्यांच्या पायांना जखमा होतात त्या रोगानें मांस झडून नव्हे, तर वेदनाच न कळल्यामुळें त्याच त्या जागीं दाब पडत राहतो म्हणून, हें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें. त्यावर उपाय औषधाइतकाच पादत्राणाचा होता. सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा आंतला तळ, त्याखालीं कांटा शिरूं न देणारा टणक बाहेरचा तळ, कमीजास्त करतां येणारे रुंद पट्टे, टांचेमागें एक पट्टा, आणि कोठेंही खिळा नाहीं. हीच रचना पुढें मधुमेह्यांच्याही उपयोगीं पडली.

त्या कारागिरांनीं सासूबाईंसाठीं अशीच पादत्राणें करून दिलीं. दिसावयास तीं काळीं, बोजड आणि अगदीं साधीं आहेत. जरीचा धागाही नाहीं. किंमत पाडव्याच्या चपलांहून कांहींशी अधिक पडली. पण ती ज्या दिवशीं मोजली त्या दिवशीं सहा आठवड्यांच्या मलमपट्टीचा खर्च माझ्या हिशेबाच्या वहींत शेजारच्याच पानावर होता, म्हणून जिवावर आलें नाहीं.

आतां दुकानांत पारखून पाहण्याच्या कांहीं गोष्टी थोडक्यांत देतें.

१. कागदावर काढलेली पावलाची आकृति कापून बरोबर न्यावी आणि जोड्याच्या तळावर ठेवून पाहावी. कागद कडेनें बाहेर आला तर तो जोडा कितीही सुरेख असो, परत ठेवावा.

२. उभें राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढें सुमारें एक सेंटिमीटर जागा मोकळी हवी.

३. जोडा हातांत धरून वांकवावा. तो चवड्याच्या जागीं, जेथें बोटें वळतात तेथें, वांकला पाहिजे. मध्येंच कमानीच्या जागीं दुमडला तर त्याला कणा नाहीं असें समजावें.

४. बंद जोड्याची टांचेमागची भिंत चिमटींत दाबून पाहावी. ती ताठ असावी. तीच टांचेला सरळ धरते.

५. आंत हात घालून सर्व शिवणी चाचपाव्यात. बोटाला जें टोंचतें तें पायाला चावणारच.

६. दुकानांतल्या सतरंजीवर नव्हे, टणक फरशीवर चालून पाहावें. "वापरून सैल होईल" हें दुकानदाराचें आश्वासन लांबीच्या बाबतींत कधींच खरें होत नाहीं.

निगराणीविषयीं दोनच गोष्टी. भिजलेला जोडा उन्हांत किंवा चुलीजवळ वाळवूं नये, कातडें तडकतें. आंत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलींत वाऱ्यावर ठेवावा. आणि पॉलियुरेथेनचा हलका तळ असलेला जोडा "सणासुदीला घालूं" म्हणून वर्षानुवर्षें पेटींत जपून ठेवूं नये. दमट हवेनें तो तळ आंतल्या आंत कुजतो आणि कार्याच्या दिवशीं मांडवांतच त्याचा भुगा होतो. असे जोडे वापरावेत. जपल्यानें ते टिकत नाहींत.

आमच्या घरीं आतां एक नवी रीत पडली आहे. रोज रात्रीं सासूबाईंच्या पायांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या कोणी तरी उजेडांत पाहतें. घालण्यापूर्वीं पादत्राणांत हात फिरवून खडा-कांटा नाहीं ना याची खात्री करतें. आणि त्या रविवारीं कारागिरांनीं एकट्या सासूबाईंचें माप घेतलें असतें. पण सासूबाईंनींच आम्हां सर्वजणींना एकेक करून कागदावर उभें केलें. जाऊबाईंचीं मापें झालीं, माझीं झालीं, पुतणीचीं झालीं. ते सर्व कागद नांव व तारीख घालून कपाटांत ठेवले आहेत. जातांना ते गृहस्थ चहा घेत बसले होते, तेव्हां सासूबाईंनीं त्यांना त्यांच्या आजोबांचें गांव विचारलें. तें आमच्या आजोळापासून चार कोसांवर निघालें. सासूबाई जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे तो दोरा तुमच्याकडच्याच कोणी उचलला असेल." त्यांना अर्थातच त्याचा संदर्भ कळला नाहीं. सासूबाईंनीं मग ती सारी हकीकत त्यांना सांगितली, आणि त्यांनीं ती चहा संपेपर्यंत शांतपणें ऐकून घेतली.

भगिनींनो, या महिन्यांत एका संध्याकाळीं घरांतल्या सर्व बायकांना, विशेषतः थोरल्या बायकांना, कागदावर उभें करा. पुढील अंकीं पावसाळ्यांतील अंथरुणें-पांघरुणें यांविषयीं.